घरातील विजेचा हिशेब: मीटरच्या लुकलुकत्या दिव्यापासून बिलापर्यंत

वीज वाचवण्याविषयीच्या बहुतेक सूचना आकड्यांशिवाय दिल्या जातात. चार्जर सॉकेटमधून काढावा, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवावा, टीव्ही रिमोटऐवजी स्वीचने बंद करावा, हे सगळे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत आणि त्यात चुकीचे काहीच नाही. मात्र त्यांपैकी कोणत्या सूचनेने महिन्याला पाव युनिट वाचते आणि कोणत्या सूचनेने वीस युनिटे, हे सहसा कोणी सांगत नाही. त्यामुळे घरातली माणसे चार्जरवरून एकमेकांना बोलतात आणि डोक्यावर पंधरा तास फिरणाऱ्या जुन्या पंख्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी आहे, आणि प्रयोगशाळेत पहिल्या सत्रापासून आम्हाला लावलेली सवय म्हणजे आधी मोजणे व मग बोलणे. तीच सवय घराला लावायची असेल तर कोणत्या क्रमाने काय करावे, ते या लेखात मांडले आहे. यासाठी महागडे उपकरण लागत नाही. एक वही, घड्याळ आणि घराबाहेर बसवलेला विजेचा मीटर एवढ्यावर निम्म्याहून अधिक काम होते.

सुरुवातीलाच सुरक्षिततेविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. या लेखातील कोणत्याही पायरीसाठी स्वीचबोर्ड उघडावा लागत नाही, मीटरला हात लावावा लागत नाही आणि त्याचे सील तर अजिबात छेडायचे नाही. साधा मल्टीमीटर (व्होल्ट, अँपिअर मोजण्याचे उपकरण) करंट मोजण्याच्या जागी ठेवून त्याच्या तारा सॉकेटमध्ये घालणे म्हणजे थेट शॉर्टसर्किट आहे. चार्जर किंवा टीव्हीचा पॉवर सप्लाय उघडून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण त्यातील मोठ्या कपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागावर, सुमारे सव्वातीनशे व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

पहिली पायरी: बिल नीट वाचणे

एक युनिट म्हणजे एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालल्यावर खर्च होणारी वीज. शंभर वॅटचा दिवा दहा तास चालला तरी एक युनिट, आणि दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला तरी एकच युनिट. पुढचा सगळा हिशेब एवढ्या एका गुणाकारावर उभा आहे.

महावितरणच्या घरगुती बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि त्यांच्या वजाबाकीतून आलेला वापर दिलेला असतो. या वापराला बिलातील दिवसांच्या संख्येने भागून रोजचा सरासरी वापर काढावा आणि तोच आकडा वहीत लिहावा. एखाद्या महिन्याचे बिल अठ्ठावीस दिवसांचे आणि दुसऱ्याचे तेहतीस दिवसांचे असू शकते, त्यामुळे बिलातील रक्कम किंवा एकूण युनिटे यांची थेट तुलना फसवी ठरते. रकमेत स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि घरगुती ग्राहकांसाठी १६ टक्के वीज शुल्क असे घटक असतात. यांपैकी स्थिर आकार आपण कितीही काटकसर केली तरी कमी होत नाही.

बिलातील सर्वात महत्त्वाची गोष्ट म्हणजे टप्पे. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे आहेत, आणि अलीकडच्या दरपत्रकांत दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्या टप्प्याच्या दुपटीहून अधिक राहिला आहे. आपण वाचवलेले युनिट नेहमी सर्वात वरच्या टप्प्यातून वजा होते. दोनशे दहा युनिटे वापरणाऱ्या घराने पन्नास युनिटे वाचवली तर ती सगळी महाग टप्प्यातली असतात, त्यामुळे युनिटे चोवीस टक्क्यांनी कमी झाली तरी रक्कम त्याहून अधिक टक्क्यांनी कमी होते. उलट, ज्या घराचा वापर मुळातच नव्वद युनिटे आहे, त्या घराने केवळ बचतीच्या हेतूने नवी उपकरणे विकत घेणे बहुधा परवडत नाही. मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानी यांचे, तसेच गोव्यात वीज खात्याचे दर वेगळे आहेत, पण टप्प्यांचे तत्त्व तेच आहे. पुढील हिशेबांत मी सोयीसाठी वाचलेल्या युनिटाची किंमत दहा रुपये धरली आहे. वाचकांनी आपल्या बिलावरील वरच्या टप्प्याचा दर घालावा.

दुसरी पायरी: मीटरच्या दिव्यावरून वॅट मोजणे

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो. मीटरच्या पाटीवर ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि त्यापुढे इम्पल्स प्रति युनिट या अर्थाची रोमन अक्षरे असतात. ३२०० लिहिले असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकल्यावर एक युनिट मोजले जाते. आतला सेन्सर करंट व व्होल्टेज यांचा क्षणोक्षणी गुणाकार करत राहतो आणि ठरलेली ऊर्जा जमली की एक पल्स देतो, म्हणजे दिवा एकदा लुकलुकतो. म्हणजे आपल्या दारातच एक बऱ्यापैकी अचूक वॅटमीटर बसवलेला आहे, आणि आपण त्याच्याकडे महिन्यातून एकदाही पाहत नाही.

दिवा एकदा लुकलुकला की घड्याळ सुरू करावे आणि त्यानंतरचे दहावे लुकलुकणे झाले की थांबवावे. ३२०० च्या मीटरसाठी ११,२५० या संख्येला मिळालेल्या सेकंदांनी भागले की त्या क्षणी घरात चालू असलेला एकूण भार वॅटमध्ये मिळतो. दहा पल्सना दीडशे सेकंद लागले तर भार पंचाहत्तर वॅट, आणि पाचच सेकंद लागले तर सव्वादोन हजार वॅट. १६०० च्या मीटरसाठी ११,२५० ऐवजी २२,५०० घ्यावे. दिवा फार वेगाने लुकलुकत असेल तर दहाऐवजी पन्नास पल्स मोजून भाज्यालाही पाचाने गुणावे. घरमालकाने बसवलेल्या पोटमीटरवरही हाच आकडा छापलेला असतो, त्यामुळे भाड्याच्या घरातही हे मोजमाप करता येते.

आता क्रम असा ठेवावा. घरातील सर्व उपकरणे बंद करून, फ्रीज, राउटर आणि इन्व्हर्टर यांचेही प्लग थोड्या वेळासाठी काढून मीटर पाहावा. दिवा थांबला पाहिजे. मग नेहमी जोडलेली, पण रात्री आपण वापरत नसलेली उपकरणे पुन्हा जोडावीत आणि पुन्हा मोजावे. हा जो आकडा येतो, त्याला मी घराचा पायाभार म्हणते. तो चोवीस तास चालू असल्यामुळे लहान दिसला तरी मोठा असतो: साठ वॅटचा पायाभार म्हणजे महिन्याला त्रेचाळीस युनिटे. फ्रीजचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू होतो, म्हणून पायाभार मोजताना फ्रीज वेगळा ठेवावा. त्यानंतर एकेक उपकरण सुरू करून प्रत्येक वेळी आधीच्या आकड्यातून वजाबाकी करत जावे. एक जण मीटरपाशी आणि एक जण घरात असेल तर हे काम एखाद्या रविवारच्या सकाळी आटोपते. इमारतीच्या तळमजल्यावर सगळ्यांचे मीटर एकत्र असतील तर आपलाच मीटर पाहत आहोत ना, हे बिलावरील मीटर क्रमांकावरून आधी पडताळावे.

फ्रीज, एसी आणि वॉशिंग मशीन यांचा भार सतत बदलतो, म्हणून त्यांना एका क्षणाचे मोजमाप लागू पडत नाही. त्यासाठी सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा लहान एनर्जी मीटर बाजारात मिळतो. तो घेताना किती अँपिअरचा आहे ते पाहावे. सहा अँपिअरच्या मीटरवर गिझर किंवा एसी लावू नये. चार-पाच घरांनी मिळून एकच घेतला तरी पुरतो, कारण प्रत्येक उपकरणावर तो एक-दोन दिवसच लागतो.

तिसरी पायरी: यादी उतरत्या क्रमाने लिहिणे

प्रत्येक उपकरणासमोर वॅट, रोजचे तास आणि महिन्याची युनिटे लिहावीत. उदाहरणादाखल, एसी नसलेल्या चार माणसांच्या एका घराची यादी अशी येऊ शकते: पंचाहत्तर वॅटचे तीन पंखे मिळून रोज तीस तास, म्हणजे महिन्याला साडेसदुसष्ट युनिटे, गिझर पंचेचाळीस, फ्रीज तीस, टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स अठरा, इन्व्हर्टर पंधरा, दिवे पंधरा, इस्त्री, मिक्सर, वॉशिंग मशीन मिळून बारा, राउटर सात. बेरीज सुमारे दोनशे दहा. या यादीत मोबाइलचा चार्जर कुठे आहे? पाच हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत साधारण एकोणीस वॅट-तास ऊर्जा मावते, आणि चार्जरमधील घट धरली तरी रोज पूर्ण चार्ज होणारा फोन महिन्याला पाऊण युनिट खातो. फोन न जोडता नुसता सॉकेटमध्ये राहिलेला आधुनिक चार्जर तर महिन्याला पाव युनिटही घेत नाही. चार्जर काढून ठेवणे उष्णता आणि आग यांच्या दृष्टीने चांगलेच आहे, पण बिल कमी करण्याच्या यादीत त्याचा क्रमांक शेवटचा लागतो.

आपली यादी उदाहरणापेक्षा वेगळी येईल आणि तशी ती यावीच. पुढील पायऱ्या यादीतील मोठ्या आकड्यांपासून सुरू कराव्यात.

चौथी पायरी: पंखे

आपल्याकडील पंख्यांच्या वापराचा विचार केला तर हा विषय सर्वात फायद्याचा आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने पाहू. जुन्या पद्धतीच्या छताच्या पंख्यात एक फेजची इंडक्शन मोटर असते. तिच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, करंट निर्माण व्हावा यासाठी रोटरला चुंबकीय क्षेत्रापेक्षा मागे राहावेच लागते. चौदा पोलच्या, म्हणजे चौदा चुंबकीय ध्रुवांच्या, मोटरचे क्षेत्र पन्नास हर्ट्झवर मिनिटाला सुमारे ४२८ फेरे घेते आणि पंखा मात्र साडेतीनशे-पावणेचारशे फेऱ्यांवर फिरतो. मधल्या फरकाच्या प्रमाणात ऊर्जा रोटर तापवण्यात जाते. पंखा बंद केल्यावर मधला डबा हाताला गरम लागतो, तो याचमुळे. बीएलडीसी, म्हणजे ब्रशविरहित डीसी मोटरच्या, पंख्यात रोटरवर कायमचे चुंबक असते, त्यामुळे रोटरमध्ये करंट निर्माण करण्याचा खर्च उरत नाही, आणि इलेक्ट्रॉनिक सर्किट नेमक्या वेळी नेमक्या कॉइलला करंट देते. परिणामी, तेवढ्याच वाऱ्यासाठी सत्तर-पंचाहत्तर वॅटऐवजी अठ्ठावीस ते पस्तीस वॅट पुरतात.

निर्णय मात्र तासांवर घ्यावा. रोज पंधरा तास आणि वर्षातून आठ महिने चालणारा पंखा बदलला तर पंचेचाळीस वॅटच्या फरकाने वर्षाला सुमारे १६० युनिटे, म्हणजे सोळाशे रुपये वाचतात. अडीच-तीन हजारांचा पंखा दोन वर्षांच्या आत आपली किंमत परत देतो. पाहुण्यांच्या खोलीतील रोज चार तासांच्या पंख्यासाठी हीच मुदत सहा-सात वर्षे होते, आणि तोपर्यंत सर्किट टिकेलच अशी खात्री देता येत नाही. म्हणून घरातील सगळे पंखे एकदम बदलू नयेत. झोपण्याच्या खोलीतला आणि बैठकीतला एवढे दोनच आधी बदलावेत. वायरमनला बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरमधून न जोडता थेट स्वीचवर जोडायला सांगावे, अन्यथा त्याचे सर्किट बिघडू शकते. छताच्या पंख्यांसाठी वीजबचतीचे तारे दाखवणारे लेबल १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचे झाले आहे, त्यामुळे दुकानात केवळ नावावर न जाता लेबलवरील हवेचा प्रवाह आणि वॅट दोन्ही पाहावेत. कमी वॅटचा पण वारा न देणारा पंखा घरात कोणालाच आवडत नाही आणि मग शेजारी टेबलफॅन सुरू होतो.

जुना पंखा ठेवायचा असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. पंखा पूर्वीपेक्षा हळू फिरत असेल तर बहुधा त्याचा कंडेन्सर, म्हणजे कपॅसिटरच, उतरलेला असतो. जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडमधील क्षमतेइतकाच नवा बसवला की वेग परत येतो. दुसरी गोष्ट रेग्युलेटरची. तापणारा, मोठा, गोल रेग्युलेटर अजून असेल तर वेग कमी केल्यावर बचतीचा काही भाग त्यातील रेझिस्टन्समध्ये उष्णता होऊन जातो. कपॅसिटरचा पायऱ्यांचा रेग्युलेटर यापेक्षा चांगला, कारण तो तापतही नाही आणि पंख्याला गुणगुणायलाही लावत नाही.

पाचवी पायरी: पाणी तापवणे

पाण्याच्या बाबतीत भौतिकशास्त्र वाटाघाट करत नाही. लिटर गुणिले तापमानातील वाढ गुणिले १.१६३, भागिले एक हजार, एवढी युनिटे लागणारच. पंधरा लिटर पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांवर नेण्यासाठी ०.६१ युनिट लागते, मग ते गिझरने तापवा किंवा रॉडने. म्हणून जास्त ताऱ्यांचा गिझर पाणी तापवण्याची वीज फारशी कमी करत नाही. तो कमी करतो ती साठवलेल्या पाण्यातून होणारी गळती. लेबलवर चोवीस तासांत वाया जाणाऱ्या युनिटांचा आकडा असतो, तो पाहावा. ज्या घरात गिझर आंघोळीच्या अर्धा तास आधी लावून लगेच बंद होतो, तिथे या आकड्याचा फारसा उपयोग नाही. ज्या घरात तो सकाळी सहापासून दहापर्यंत सुरूच राहतो, तिथे आहे.

प्रत्यक्षात करण्यासारख्या गोष्टी तीन आहेत. थर्मोस्टॅट साठऐवजी पन्नास अंशांच्या आसपास ठेवावा. आंघोळीला चाळीस अंशांचे पाणी पुरते आणि नाही तरी आपण गार पाणी मिसळतोच. घरातल्यांच्या आंघोळी शक्यतो लागोपाठ व्हाव्यात, म्हणजे टाकीतील गरम पाणी निवण्याआधी वापरले जाईल. आणि शॉवरऐवजी बादली घ्यावी, कारण वीस लिटरची बादली बावीसवरून चाळीस अंशांवर नेण्यास ०.४२ युनिट लागते, तर मोठ्या शॉवरखाली दहा मिनिटांत याच्या कित्येक पट पाणी जाते. बोअरच्या पाण्याचे क्षार कॉइलवर बसले की वीज खूप वाढते असे म्हटले जाते. खरे पाहता कॉइलची उष्णता शेवटी पाण्यातच जाते, त्यामुळे युनिटांत मोठा फरक पडत नाही. नुकसान होते ते कॉइल जास्त तापून लवकर जळण्याचे. क्षार त्या कारणासाठी काढावेत.

इस्त्रीचे कपडे एकदम करावेत, एवढे सांगून पुढे जाते.

सहावी पायरी: फ्रीज आणि एसी

फ्रीजवर एनर्जी मीटर लावून पूर्ण चोवीस तासांचा आकडा घ्यावा आणि त्याला ३६५ ने गुणून लेबलवरील वार्षिक युनिटांशी ताडून पाहावे. लहान, एका दाराच्या नव्या फ्रीजच्या लेबलवर वर्षाला दीडशे-दोनशेच्या आसपास युनिटे असतात. लेबलवरचा आकडा ठरावीक चाचणीतून आलेला असल्यामुळे उन्हाळ्यात प्रत्यक्ष वापर काहीसा जास्त येणे स्वाभाविक आहे. मात्र जुना फ्रीज रोज दीड युनिट दाखवत असेल तर वर्षाचा हिशेब साडेपाचशे युनिटांवर जातो आणि बदलण्याचा विचार करावा. त्याआधी फ्रीज भिंतीपासून थोडा पुढे ओढावा, कारण मागील किंवा बाजूच्या पत्र्यातून उष्णता बाहेर जाण्यास वाट लागते. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद सहज निघून आला तर रबर बदलावे. ज्या फ्रीजमध्ये बर्फ साचतो, तिथे बर्फाचा जाड थर स्वतःच उष्णतारोधक होतो आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, म्हणून थर जमू देऊ नये.

एसीच्या बाबतीत १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांचे मूळ तापमान चोवीस अंशांवर ठेवणे सक्तीचे झाले आहे, आणि एक अंश वाढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, म्हणजे बीईईचे सांगणे आहे. सव्वीस-सत्तावीस अंशांवर एसी आणि त्यासोबत मंद पंखा हा जोड माझ्या मते सर्वात समंजस आहे, कारण पंख्याचे तीस वॅट एसीच्या कित्येक शे वॅटची जागा घेतात. लेबलवरील वार्षिक युनिटे वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेली असतात. कोकणात किंवा विदर्भात यापेक्षा जास्त आणि पुण्यात बहुधा कमी वापर होतो, म्हणून पाच ताऱ्यांसाठी किती जास्त पैसे मोजायचे हे आपल्या तासांवर ठरवावे. जाळी महिन्यातून एकदा धुवावी. इन्व्हर्टर एसीला खोली गार झाल्यावर वारंवार बंद-चालू करू नये. त्याचा कॉम्प्रेसर वेग कमी करून चालत राहण्यासाठीच बनवलेला असतो.

सातवी पायरी: दिवे

हे काम बहुतेक घरांत झालेले आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला या सरकारी एलईडी दिवे योजनेनंतर एलईडी दिवे इतके स्वस्त झाले की साठ वॅटच्या पिवळ्या दिव्याच्या जागी नऊ वॅटचा दिवा घरोघरी आला. राहिलेली जागा म्हणजे तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब. ती चोकसह पन्नास वॅटच्या आसपास घेते, तर तिच्या जागी वीस वॅटची एलईडी पट्टी पुरते. एलईडी दिवा जातो तेव्हा बहुधा एलईडी गेलेला नसतो. त्याला करंट देणारे सर्किट उष्णतेने मेलेले असते. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मे होते. म्हणून पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात जास्त वॅटचा दिवा लावू नये.

आठवी पायरी: बंद दिसणारी उपकरणे

एक वॅट सतत चालू राहिला तर वर्षाला ८.७६ युनिटे होतात. हा आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. टीव्ही रिमोटने बंद केला की आतील पॉवर सप्लाय फक्त रिमोटचा संकेत ऐकण्यापुरता जागा राहतो आणि आधुनिक टीव्हीत त्याला अर्ध्या-एक वॅटाच्या आसपास वीज लागते. सेट-टॉप बॉक्सचे तसे नसते. रिमोटने बंद केल्यावर त्याचा दिवा लाल होतो, पण अनेक बॉक्समध्ये ट्यूनर आणि प्रोसेसर चालूच राहतात. हात ठेवून पाहिला तर तो तासाभरानंतरही कोमट असतो. दहा वॅट आणि रोज वीस तास धरले तर महिन्याला सहा युनिटे नुसती या कोमटपणाची होतात. टीव्ही, बॉक्स आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन झोपताना बोर्डाचा एक स्वीच बंद करणे हा सोपा उपाय आहे.

राउटरला हा नियम लावावा की नाही, हे घरावर अवलंबून आहे. तो दहा वॅट घेत असेल तर रात्री आठ तास बंद ठेवून महिन्याला अडीच युनिटे वाचतात. त्यापायी घरात वाद होणार असतील तर मी राउटर चालू ठेवीन.

इन्व्हर्टरकडे मात्र गांभीर्याने पाहावे. बॅटरी पूर्ण भरल्यानंतरही त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि चार्जर सतत काही वॅट घेतात, आणि जुनी झालेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी तर आतल्या आत उकळत राहून आणखी जास्त करंट मागते. मोजताना एक काळजी घ्यावी: लाइट असताना इन्व्हर्टरवर जोडलेले पंखे आणि दिवे त्याच्याच वाटेने वीज घेतात, म्हणून ते सर्व बंद करून, बॅटरी पूर्ण भरल्यावर एनर्जी मीटरचा आकडा घ्यावा. पंचवीस वॅट आले तर महिन्याला अठरा युनिटे. ज्या शहरी भागात आता लाइट क्वचितच जाते, तिथे इन्व्हर्टर खरोखर लागतो का हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. केवळ राउटर आणि एक दिवा चालू राहावा एवढीच गरज असेल तर लहान बॅटरी बॅकअप पुरतो. बॅटरी काढून ठेवायची झाल्यास ती तशीच पडू देऊ नये, नाही तर प्लेटा खराब होतात.

नववी पायरी: जे विकत घेऊ नये

सॉकेटमध्ये लावले की बिल तीस-चाळीस टक्के कमी होते असे सांगून विकले जाणारे लहान डबे बाजारात आणि मोबाइलवरील जाहिरातींत सतत दिसतात. अशा डब्यात बहुधा एक कपॅसिटर, एक हिरवा दिवा आणि तो चालवण्यापुरते सर्किट एवढेच असते. चार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आपल्या पुरवठ्यावर सुमारे ०.२९ अँपिअर करंट घेतो. हा करंट व्होल्टेजच्या पुढे धावतो, मोटरचा करंट मागे राहतो, आणि दोघांची काही अंशी फेड होऊन मुख्य तारेतील करंट थोडा कमी होतो. विक्रेते क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारे उपकरण) लावून नेमके हेच दाखवतात आणि पाहणाऱ्याला ते पटते. परंतु घरगुती मीटर अँपिअर मोजत नाही. तो करंट व व्होल्टेज यांच्या गुणाकारातून प्रत्यक्ष खर्च झालेली ऊर्जा मोजतो, आणि तिच्यात या फेडीने फरक पडत नाही. कारखान्यांत कपॅसिटर पॅनेल लावण्याचा फायदा असतो, कारण तिथे आकारणीत पॉवर फॅक्टर, म्हणजे करंट व्होल्टेजच्या किती मागे-पुढे आहे याचे माप, धरलेला असतो. त्या खऱ्या गोष्टीवरूनच ही घरगुती दिशाभूल जन्मली आहे. शंका असेल तर दुसऱ्या पायरीतील मोजमाप करावे: एकच पंखा चालू ठेवून दहा पल्सचा वेळ डबा लावून आणि न लावता घ्यावा.

दहावी पायरी: पुन्हा मोजणे

एका वेळी एकच बदल करावा आणि त्यानंतर किमान आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी मीटरचे रीडिंग लिहावे. स्मार्ट मीटर बसलेला असेल तर हा वापर मोबाइल अ‍ॅपवरही दिसतो. तुलना मागच्या महिन्याशी न करता मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी, कारण एप्रिलचा पंखा आणि डिसेंबरचा गिझर यांची बेरीज-वजाबाकी एकमेकांत मिसळली की कोणत्या बदलाने काय झाले ते कळत नाही. वर्षभराचा वापर असा हातात आल्यावरच छतावरील सौर पॅनेलचा विचार करावा. आपल्याकडे एक किलोवॅटची यंत्रणा महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटांच्या आसपास देते, आणि दोनशे दहाचा वापर एकशे साठवर आलेला असेल तर यंत्रणा तेवढी लहान पुरते.

मोजणी करताना क्वचित असेही आढळते की घराचा मुख्य स्वीच बंद असूनही मीटरचा पल्सचा दिवा अधूनमधून लुकलुकतो. अशा वेळी आधी मीटर आणि मुख्य स्वीच यांच्यामधून दुसरीकडे कुठे तार गेलेली आहे का, हे परवानाधारक वायरमनकडून पाहून घ्यावे. जिन्यातील दिवा किंवा पाण्याची मोटर तिथून जोडलेली निघू शकते. तसे काही नसेल तर वीज कंपनीच्या उपविभागीय कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्यावा, त्यावर ग्राहक क्रमांक आणि मीटर क्रमांक लिहावा, वहीतील तारखा, वेळा आणि रीडिंग यांची प्रत सोबत जोडावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.